शोधपत्रिकांची वर्गणी : काय ठेवावे, काय सोडावे?

विद्यापीठाचे ग्रंथालय म्हटले की ग्रंथांनी भरलेली कपाटे आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु ग्रंथालयाचे वार्षिक अंदाजपत्रक उघडून पाहिल्यास निराळे चित्र दिसते. जगातील बहुतेक मोठ्या संशोधन-ग्रंथालयांत खरेदीच्या रकमेचा मोठा वाटा ग्रंथांवर नव्हे, तर शोधपत्रिकांच्या वर्गणीवर खर्च होतो. ग्रंथ एकदा विकत घेतला की तो ग्रंथालयाचा होतो. शोधपत्रिकेची वर्गणी मात्र दरवर्षी नव्याने भरावी लागते आणि ती बहुधा गतवर्षीपेक्षा अधिक असते. अनुदान त्या प्रमाणात वाढत नाही. मग एक दिवस ग्रंथपालापुढे यादी ठेवली जाते आणि प्रश्न विचारला जातो : यातील कोणत्या पत्रिका बंद करावयाच्या?

हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा दिसतो. वस्तुतः कोणत्या ज्ञानशाखेला ग्रंथालयात जागा राहील आणि कोणती शाखा हळूहळू बाहेर जाईल, हे त्यावर ठरते. पालि आणि बौद्ध विद्या यांसारख्या अल्पसंख्य अभ्यासकांच्या विषयांना तर त्याचा थेट उपसर्ग पोहोचतो. म्हणून हा निर्णय कसा घेतला जातो, तो घेणाऱ्या संस्थांचा अनुभव काय आहे आणि आपल्याकडे त्याचे स्वरूप कसे बदलले आहे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

वर्गणी इतकी का वाढली?

शोधपत्रिकेचा व्यवहार अन्य कोणत्याही व्यापाराहून वेगळा आहे. लेख लिहिणारा प्राध्यापक त्याबद्दल मानधन घेत नाही. लेखाची गुणवत्ता तपासणारे तज्ज्ञही सामान्यतः विनामूल्य काम करतात. दोघांचेही वेतन विद्यापीठ देते, आणि ते विद्यापीठ बहुतांशी सार्वजनिक पैशावर चालते. लेख स्वीकारला गेल्यावर त्याचे हक्क प्रकाशकाकडे जातात आणि तोच लेख वाचण्यासाठी त्याच विद्यापीठाचे ग्रंथालय वर्गणी भरते. संपादन, मांडणी, वितरण आणि जतन यांना खर्च येतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु वर्गणीचा आकडा केवळ या खर्चावरून ठरत नाही.

याचे कारण असे की एका शोधपत्रिकेची जागा दुसरी घेऊ शकत नाही. बाजारात एका गिरणीचे कापड महाग झाले तर ग्राहक दुसऱ्या गिरणीचे घेतो. संशोधकाला मात्र जो लेख हवा असतो तो एकाच पत्रिकेत असतो. ही गोष्ट व्यापारी प्रकाशकांनी लवकर ओळखली. दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञान-संशोधनावर सरकारी पैसा मोठ्या प्रमाणावर खर्च होऊ लागला, तेव्हा ब्रिटनमध्ये रॉबर्ट मॅक्सवेल यांनी पर्गमॉन प्रेसच्या माध्यमातून नवनवीन विषयांच्या शोधपत्रिकांचा मोठा पसारा उभारला. १९९१ साली पर्गमॉन ही नेदरलँड्समधील एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेकडे गेली. त्या व्यवहाराची किंमत ४४ कोटी पौंड होती. पुढे अनेक विद्वत्संस्थांच्या पत्रिकाही अशाच मोजक्या मोठ्या प्रकाशकांकडे एकवटल्या. एल्सेव्हिअरच्या नफ्याचे प्रमाण गेली अनेक वर्षे उत्पन्नाच्या एकतृतीयांशाहून अधिक राहिले आहे.

या वाढीचा ताण केवळ गरीब देशांतील संस्थांनाच जाणवला असे नाही. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयविषयक प्राध्यापक-समितीने आपल्या सहकाऱ्यांना एक निवेदन पाठवले. मोठ्या प्रकाशकांच्या पत्रिकांवर विद्यापीठाला दरवर्षी सुमारे ३७ लाख ५० हजार डॉलर मोजावे लागतात, काही पत्रिकांची वर्गणी प्रत्येकी ४० हजार डॉलरपर्यंत गेली आहे आणि दोन प्रकाशकांच्या संगणकीय आवृत्त्यांचे दर सहा वर्षांत सुमारे १४५ टक्क्यांनी वाढले आहेत, असे त्यात नमूद होते. ही स्थिती यापुढे पेलवणारी नाही, असा त्या निवेदनाचा निष्कर्ष होता. जगातील अत्यंत संपन्न विद्यापीठांपैकी एकाने हे म्हणावे, यावरून प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.

गठ्ठ्याने खरेदी

छापील अंकांच्या काळात ग्रंथालय एकेक पत्रिका निवडून घेत असे. १९९६ च्या सुमारास ॲकॅडमिक प्रेस या प्रकाशनसंस्थेने आपल्या सर्व पत्रिका संगणकावर एकत्रितपणे देण्याची पद्धत सुरू केली आणि इतर प्रकाशकांनी ती उचलली. पूर्वीच्या वर्गणीत थोडी भर घातली की शेकडो, पुढे हजारो पत्रिका वाचावयास मिळू लागल्या. ‘बिग डील’ या नावाने हा करार ओळखला जातो. लहान महाविद्यालयांना त्यामुळे पूर्वी कधी न मिळालेल्या पत्रिका मिळाल्या, हा त्याचा लाभ नाकारता येत नाही.

परंतु विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील ग्रंथालयाचे संचालक केनेथ फ्रेझिअर यांनी २००१ मध्येच या कराराचा धोका दाखवून दिला होता. करार बहुधा अनेक वर्षांचा असतो आणि वार्षिक वाढ त्यात आधीच लिहिलेली असते. एखादी पत्रिका नको असली तरी ती वगळून रक्कम कमी करता येत नाही. अनुदान घटले तर गठ्ठ्याला हात लावता येत नाही आणि कात्री गठ्ठ्याबाहेरच्या वस्तूंना लागते.

गठ्ठ्याबाहेर काय असते? विद्वत्सभांच्या छोट्या पत्रिका, एखाद्या संशोधन-संस्थेचे वार्षिक अंक, भारतीय भाषांतील नियतकालिके, कोश, संशोधित आवृत्त्या आणि ग्रंथ. सहा टक्के वार्षिक वाढ धरली तर कोणतीही रक्कम सुमारे बारा वर्षांत दुप्पट होते. अनुदान तेवढेच राहिले तर बारा वर्षांपूर्वी निम्मी रक्कम खाणारा करार आता सर्वच रक्कम खातो. म्हणून महाग गठ्ठ्याला हात न लावण्याचा निर्णय हाही एक निर्णयच असतो. त्याची झळ दुसऱ्या कोणाला तरी लागते, आणि ज्याला लागते तो बहुधा त्या बैठकीत उपस्थित नसतो.

निर्णयाची रीत

वर्गणीचा फेरविचार करताना ग्रंथपाल साधारणतः पाच गोष्टी तपासतात. पहिली, पत्रिकेची किंमत आणि गेल्या काही वर्षांतील तिची वाढ. दुसरी, वापर. वर्षभरात तिचे किती लेख उघडले गेले याची आकडेवारी प्रकाशक देतात; ती सर्वांनी एकाच पद्धतीने द्यावी म्हणून ‘काउंटर’ या नावाची प्रमाणपद्धती २००३ पासून प्रचारात आहे. वर्गणीला वापराच्या संख्येने भागले की दर वापरामागील खर्च निघतो. तिसरी गोष्ट, आपल्याच विद्यापीठातील प्राध्यापक त्या पत्रिकेत किती लिहितात आणि तिच्यातील लेखांचा आधार किती वेळा घेतात. चौथी, तेच लेख अन्यत्र कायदेशीरपणे विनामूल्य मिळतात काय. पाचवी गोष्ट अत्यंत महत्त्वाची असून ती अनेकदा विसरली जाते : वर्गणी थांबवल्यावर जुने अंक आपल्याकडे राहतात काय? छापील अंक कपाटात राहत असत. संगणकीय अंकांच्या बाबतीत करारात तसे स्पष्ट लिहिलेले असेल तरच पूर्वी पैसे भरलेल्या वर्षांचे लेख पुढे वाचता येतात.

या पाचांपैकी दुसऱ्या कसोटीविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. समजा, रसायनशास्त्राच्या एका पत्रिकेची वर्गणी ३ लाख रुपये आहे आणि तिचे लेख वर्षात ६,००० वेळा उघडले गेले. दर वापरामागे ५० रुपये पडले. दुसरीकडे, प्राच्यविद्येच्या एका पत्रिकेची वर्गणी १२ हजार रुपये आहे आणि तिचा वापर २० वेळा झाला. दर वापरामागे ६०० रुपये पडले. केवळ भागाकार पाहणारी समिती दुसरी पत्रिका बंद करील. परंतु त्यातून वाचणार किती? १२ हजार रुपये. पहिल्या पत्रिकेच्या वर्गणीत पाच टक्के वाढ झाली तर १५ हजार रुपये लागतात, म्हणजे ही बचत एका वर्षातच नाहीशी होते. प्राच्यविद्येच्या विद्यार्थ्याचा आधार मात्र कायमचा जातो.

शिवाय लेख किती वेळा उघडला गेला यावरून तो किती खोलवर वाचला गेला हे कळत नाही. नेमलेला एक लेख दोनशे विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतात, तेव्हा दोनशेची नोंद होते. एखाद्या गाथेच्या पाठभेदावरील लेख एक संशोधक उतरवून घेतो आणि सहा महिने त्यावर काम करतो. नोंद एकाचीच होते. ज्या विषयाचे अभ्यासकच राज्यात थोडे, त्याचा वापर संख्येने कधीच मोठा दिसणार नाही. म्हणून भागाकाराबरोबर एकूण किती रक्कम वाचते हेही पाहिले पाहिजे आणि त्या विषयाच्या अध्यापकाला बोलावून विचारले पाहिजे. आकडा हे साधन आहे. त्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसवू नये.

ज्यांनी वर्गणी थांबवली

मोठा करार मोडल्यास संशोधन ठप्प होईल, अशी भीती नेहमी दाखवली जाते. प्रत्यक्ष अनुभव काय आहे?

कॅलिफोर्निया विद्यापीठाची दहा केंद्रे आहेत आणि अमेरिकेतील एकूण संशोधन-लेखनापैकी सुमारे एकदशांश लेखन तेथे होते. एल्सेव्हिअरशी असलेला त्याचा करार २०१८ अखेर संपला. लेख वाचण्याची वर्गणी आणि लेख सर्वांना खुले करण्याचे शुल्क अशी दुहेरी आकारणी न करता दोन्ही एकाच करारात आणावी आणि आपल्या प्राध्यापकांचे लेख जगातील कोणालाही विनामूल्य वाचता यावेत, अशी विद्यापीठाची मागणी होती. ती मान्य न झाल्याने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी विद्यापीठाने बोलणी थांबवली. जुलै २०१९ मध्ये प्रकाशकाने नवे लेख बंद केले. मात्र २०१८ पर्यंतच्या बहुसंख्य लेखांचा वाचनाधिकार पूर्वीच्या करारान्वये विद्यापीठाकडे राहिला. वर उल्लेखिलेल्या पाचव्या कसोटीचे मोल येथे दिसते. नव्या लेखांसाठी ग्रंथपालांनी आंतरग्रंथालयीन देवघेव, लेखकाकडून थेट प्रत मागवणे आणि विनामूल्य उपलब्ध असलेल्या प्रती शोधणे हे मार्ग प्राध्यापकांना शिकवले. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील तीसहून अधिक शास्त्रज्ञांनी याच प्रकाशकाच्या काही पत्रिकांचे संपादकीय काम स्थगित केले. अखेर मार्च २०२१ मध्ये नवा करार झाला आणि विद्यापीठाची मूळ मागणी बव्हंशी मान्य झाली.

न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने निराळी वाट धरली. ६४ केंद्रे असलेल्या या संस्थेने एप्रिल २०२० मध्ये एल्सेव्हिअरचा संपूर्ण गठ्ठा सोडला आणि वापराचा बारकाईने अभ्यास करून केवळ २४८ पत्रिका ठेवल्या. त्यातून वर्षाला ५० ते ७० लाख डॉलर वाचतील, असा अंदाज त्या वेळी जाहीर करण्यात आला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनेही जून २०२० मध्ये याच प्रकाशकाशी बोलणी थांबवली. युरोपात स्वीडनच्या संस्थांनी २०१८ च्या मध्यास एकत्रितपणे करार सोडला आणि २०१९ च्या अखेरीस नवा करार मिळवला. जर्मनीतील संस्थांच्या वाटाघाटी तर २०२३ पर्यंत चालल्या. यांपैकी कोठेही विद्यापीठे बंद पडली नाहीत. गैरसोय झाली आणि ती विशेषतः तरुण संशोधकांना सोसावी लागली, हेही तितकेच खरे.

या उदाहरणांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ज्यांनी आधी आपल्या वाचकांना विश्वासात घेतले, ते टिकले. आणि ज्यांनी एकत्र येऊन नकार दिला, त्यांच्या नकाराला वजन प्राप्त झाले. एकट्या महाविद्यालयाने वर्गणी थांबवली तर प्रकाशकाला त्याची दखल घेण्याचे कारण नसते.

आपल्याकडील स्थिती

भारतीय ग्रंथालयांना या प्रश्नाची झळ फार पूर्वीच लागली. परदेशी पत्रिकांची वर्गणी परकीय चलनात भरावी लागते. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले, तेव्हा प्रकाशकाने दर वाढवला नसता तरी आपल्या ग्रंथालयांचे देणे वाढलेच असते. त्या दशकात अनेक विद्यापीठांत परदेशी पत्रिकांच्या मालिका मधेच तुटल्या. जुन्या कपाटांत अमुक वर्षापर्यंतचे अंक सलग आणि पुढे रिकामी फळी, हे दृश्य संशोधकांना अपरिचित नाही.

यावर सामुदायिक खरेदीचा उपाय पुढे आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्फ्लिबनेट या केंद्रामार्फत २००४ मध्ये विद्यापीठांसाठी संगणकीय पत्रिकांची योजना सुरू केली. २०१५ मध्ये अशा निरनिराळ्या योजना ‘ई-शोधसिंधु’ या नावाखाली एकत्र आल्या. त्यानंतर २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ म्हणजेच ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार पत्रिका, ६,३०० हून अधिक शासकीय संस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक असा तिचा विस्तार सांगण्यात आला. वार्षिक २,००० कोटी रुपये या वाचकसंख्येने भागले तर दर माणशी वर्षाला सुमारे १,१०० रुपये पडतात.

या योजनेचे आम्ही स्वागत करतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थिनीला महानगरातील केंद्रीय संस्थेतील विद्यार्थ्याइतक्याच पत्रिका वाचता याव्यात, हे समतेच्या दृष्टीने मोठे पाऊल आहे. तथापि वर्गणी ठेवावी की सोडावी हा प्रश्न तिने संपवलेला नाही. तो एका मोठ्या टेबलावर नेऊन ठेवला आहे. २०२७ नंतर करार कोणत्या दराने पुढे न्यावयाचा, तो परवडला नाही तर काय सोडावयाचे आणि जुन्या अंकांचा अधिकार आपल्याकडे राहतो किंवा नाही, हे प्रश्न आता साऱ्या देशासाठी एकदम उपस्थित होतील. ते विचारण्याची तयारी विद्यापीठांनी आजच केली पाहिजे.

लहान विषयांचे काय?

बौद्ध विद्येच्या अभ्यासकाने या पार्श्वभूमीवर आपल्या विषयाची स्थिती पाहावी. आपल्या विषयातील काही महत्त्वाच्या पत्रिका मोठ्या व्यापारी प्रकाशकांकडे आहेत. १९७० पासून निघणारे ‘जर्नल ऑफ इंडियन फिलॉसॉफी’ हे त्याचे उदाहरण. परंतु पुष्कळसे मोलाचे साहित्य त्या वर्तुळाबाहेर आहे. १८८१ मध्ये स्थापन झालेल्या पालि टेक्स्ट सोसायटीचे ‘जर्नल’ १८८२ पासून निघू लागले, १९२७ नंतर खंडित झाले आणि १९८१ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्यातील लेख सोसायटीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. आंतरराष्ट्रीय बौद्ध विद्या संघटनेच्या पत्रिकेचे जुने अंक जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाने खुले केले आहेत. ‘जर्नल ऑफ बुद्धिस्ट एथिक्स’ हे तर १९९४ मध्ये आरंभापासूनच विनामूल्य निघाले. मूळ ग्रंथांच्या बाबतीत इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाची संहिता संगणकावर सर्वांना मोफत उपलब्ध करून दिली, हे वाचकांस ठाऊक आहेच.

याचा अर्थ असा की आपल्या विषयापुरते तरी, वर्गणी न भरता वाचता येण्याजोगे साहित्य आज बरेच आहे. ग्रंथपाल आणि अध्यापक यांनी मिळून त्याची सूची करावी आणि ती विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. मोफत मिळणाऱ्या लेखांची माहितीच नसणे ही देखील एक प्रकारची टंचाई आहे, आणि ती पैशाविना दूर होऊ शकते.

दुसरी सूचना महाविद्यालयांच्या ग्रंथालय-समित्यांना आहे. मोठ्या पत्रिका आता केंद्रीय योजनेतून मिळत असतील तर पूर्वी त्यांवर खर्च होणारी रक्कम ग्रंथालयाकडेच राहिली पाहिजे. ‘आता सर्व फुकट मिळते, मग अनुदान कशाला?’ असा युक्तिवाद पुढे येण्याचा धोका आम्हांस दिसतो. त्या रकमेतून तीस प्रकाशकांच्या यादीत नसलेल्या विद्वत्संस्थांच्या पत्रिका, पालि ग्रंथांच्या संशोधित आवृत्त्या आणि मराठीतील संशोधनपर नियतकालिके घ्यावीत. मराठी नियतकालिकाची वर्षाची वर्गणी काही शे रुपये असते. दहा महाविद्यालयांनी ती बंद केली तर कोणत्याही महाविद्यालयाच्या हिशेबात फरक पडत नाही, परंतु ते नियतकालिक बंद पडू शकते. मोठ्या प्रकाशकाला नकार देण्याची भाषा आणि छोट्या पत्रिकेला नकार देण्याची भाषा एकच असू नये.

तिसरी गोष्ट संस्थेबाहेरच्या अभ्यासकांची. पालिचे अध्ययन करणारे कितीतरी जण निवृत्त कर्मचारी आहेत, शाळाशिक्षक आहेत, विहारातील अभ्यासवर्गांत बसणारे उपासक-उपासिका आणि भिक्खू आहेत. त्यांचे नाव कोणत्याही विद्यापीठाच्या पटावर नाही. संस्थांसाठी घेतलेली वर्गणी त्यांच्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. विद्यापीठ ग्रंथालयांनी बाहेरील वाचकाला ग्रंथालयात येऊन वाचण्याची मुभा द्यावी आणि नव्या करारात तशी तरतूद मागून घ्यावी. आपल्या अध्यापकांनीही लेख प्रसिद्ध झाल्यावर, प्रकाशकाच्या नियमांनुसार जेवढी प्रत खुली ठेवता येते तेवढी विद्यापीठाच्या संग्रहात ठेवावी. ज्या समाजाच्या पैशावर संशोधन होते, त्याला ते वाचता येणे ही कृपा नसून त्याचा अधिकार आहे, असे आमचे मत आहे.

वर्गणीची यादी दरवर्षी समितीपुढे येते आणि बहुधा काही मिनिटांत संमत होते. यापुढे ज्या महाविद्यालयात पालि शिकवली जाते, तेथील अध्यापकाने त्या बैठकीला आवर्जून उपस्थित राहावे, यादी ओळीने वाचावी आणि आपल्या विषयाची पत्रिका कोणत्या कारणाने वगळली जात आहे हे लेखी विचारावे. एवढे केले तरी पुष्कळ काही वाचेल, असा आमचा विश्वास आहे.